बाजूने एक, विरुद्ध एक

सासऱ्यांनी बॅग भरायला काढली त्याच आठवड्यात जावयाने कार्टून शोधायला घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं त्या घरात कुणीही कबूल केलं नसतं. मुळात कबूल करायला माणसंच दोन उरली होती, आणि दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

जावई दातांच्या कवळ्या तयार करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवत. हा मागच्या खोलीत बसून त्यांत प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि घासूनपुसून कवळी परत पाठवायचा. ज्यांच्या तोंडात त्याचं काम होतं त्यांतल्या एकालाही त्याने कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे आले ते चार दिवस म्हणून, आणि नऊ वर्षं राहिले. मागच्या थंडीत लेक गेली. आजार लांबला नाही एवढंच त्यातल्या त्यात बरं, असं भेटायला आलेली माणसं म्हणत. त्यात बरं काय होतं ते जावयाला अजून कळलेलं नव्हतं.

लेक गेल्यावर सासऱ्याने जावयाच्या घरात कुठल्या नात्याने राहायचं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कुणी विचारायच्या आतच सासऱ्यांनी उत्तर देऊन टाकलं. धाकट्या बहिणीकडे जातो म्हणाले, कायमचा. तिचं घर मोठं आहे, सोमवारी सकाळी ती गाडी पाठवणार आहे. जावई म्हणाला, "बरं."

या 'बरं'साठी त्याने नंतर स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला गणती नाही. जाऊ नका म्हणायला दोन शब्द लागतात आणि ते दोन्ही त्याच्याकडे होते. पण कुठल्या हक्काने म्हणायचे ते त्याला सुचेना. मुलगा असता तर रागावला असता, भाचा असता तर हट्ट धरून बसला असता. जावयाने रागवायचं ते मानपानावरून, एवढीच जगाने त्याची सोय करून ठेवली आहे. आणि ज्याच्या ताटात नऊ वर्षं आपण रोज न्याहारीला अंडं वाढलं, त्याच्याशी मानपानावरून कसं भांडणार?

पण घरात एक कायदा होता, आणि तो लेकीने केलेला होता. ती शाळेत शिकवायची आणि वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जायची. त्यामुळे एखादी गोष्ट बघून माणसाने नुसतं 'छान होतं' म्हणून उठून जावं हे तिला खपायचं नाही. कुठल्याही मालिकेचा पहिला भाग तिघांनी मिळून बघायचा. मग टीव्ही बंद करून चर्चा. बाजूने कोण, विरुद्ध कोण ते सांगायचं, समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही, आणि शेवटी मतदान. मालिका पडली तर विषय संपला. पास झाली तर दर रविवारी एक भाग, तिघांनी मिळून, थेट शेवटपर्यंत. मधेच कुणी सोडायचं नाही आणि पुढचं कुणी चोरून बघायचं नाही. घरात तिला अध्यक्षबाई म्हणत ते याच्यामुळे. कायदा एकदाच मोडला गेला होता. जावयाने एका मालिकेचा शेवट कामाच्या खोलीत गुपचूप बघितला, तेव्हा पुढचा आठवडाभर बापलेक त्याच्याशी फक्त हवामानावर बोलत होते.

ती गेल्यापासून टीव्हीवर बातम्याच लागायच्या. पण कायदा रद्द झाला असं काही कुणी म्हटलं नव्हतं, आणि जावयाचं डोकं तिथे चाललं. एखादी मालिका पास झाली की सासऱ्यांना शेवटच्या भागापर्यंत हलता येणार नाही. बहिणीचा शब्द ते मोडतील, लेकीचा मोडणार नाहीत. तेव्हा त्याला मालिका चांगली नको होती, लांब हवी होती.

शेकडो भागांची एक मालिका होती, पण ती लावली असती तर सासऱ्यांना लगेच वास आला असता. सहा-आठ भागांत आटोपणाऱ्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी एका दातांच्या डॉक्टरांकडच्या कंपाउंडरने यंत्रमानवाच्या एका कार्टूनचं नाव सांगितलं. भाग सव्वीस. सव्वीस रविवार म्हणजे अर्धं वर्ष झालं. अर्ध्या वर्षात माणसाला बोलायला काहीतरी सुचेलच, असा त्याने विचार केला.

रविवारी दुपारी बॅग दाराशी उभी होती. दोन्ही बाजूंना सारखं वजन यावं अशी ती भरलेली होती. निवृत्त झाले तरी हात कुठे निवृत्त होतात.

"बाबा," जावई म्हणाला, "एक मालिका आलीये. पहिला भाग बघायचा का?"

"कसली?"

"यंत्रमानवाची. कार्टून आहे."

लिफ्टमध्ये शिरून सगळ्या मजल्यांची बटणं दाबणाऱ्या माणसाकडे बघावं तसं सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "जावईबापू, तुमचं वय काय?"

"रीतसर चर्चा करू की."

"मतदानासकट?"

"मतदानासकट."

सासऱ्यांनी एकदा बॅगेकडे पाहिलं. "उद्या सकाळी गाडी यायची आहे."

"गाडी उद्या आहे. भाग आजच संपेल."

"लावा," सासरे म्हणाले.

मालिकेची गोष्ट अशी होती. एक उंचच्या उंच इमारत आहे. तिच्यातली सगळी माणसं निघून गेली आहेत. तळमजल्यावर फरशा पुसणारा एक यंत्रमानव जागा होतो, फ्रिजएवढा, आणि बाहेर येऊन बघतो तर सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा जळतोय. तिथे कोण आहे हे बघायला तो निघतो. सोबतीला एक बोलणारा टेबलफॅन. हा फॅन बोलताना मान फिरवत राहतो, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं भिंतीला ऐकू जातं. यंत्रमानव लिफ्टमध्ये शिरतो, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते, तो छतातून वर चढून लिफ्टच्या विहिरीत लोंबकळतो आणि कसाबसा पहिल्या मजल्यावर येऊन पडतो. इथे पहिला भाग संपतो.

एवढ्यावर जावयाने निभावून नेलं असतं. पण त्या यंत्रमानवाला दात होते.

जावयाला ते पहिल्या मिनिटालाच दिसले आणि मग दुसरं काही दिसेनासं झालं. तोंडभर दात, आणि सगळेच्या सगळे पटाशीचे. सुळे नाहीत, दाढा नाहीत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पटाशीच पटाशी. वरची ओळ खालच्या ओळीवर बसत नव्हती. तो हसला की हिरड्या दिसायच्या. पत्र्याच्या माणसाला हिरड्या! जावयाचे हात मांडीवर आपोआप वळवळायला लागले. असली कवळी त्याच्या टेबलावर आली असती तर त्याने ती हातोडीने फोडली असती. लिफ्टचा प्रसंग आला तेव्हा सासरे पुढे सरकून बसले. त्यांची कंबर धरली असावी असं जावयाला वाटलं, आणि तो पुन्हा हिरड्यांकडे वळला.

भाग संपला. जावयाने टीव्ही बंद केला. दोघे जेवणाच्या टेबलाशी जाऊन समोरासमोर बसले, कारण चर्चा टेबलाशीच व्हायची.

"मी बाजूने," जावई म्हणाला.

"मी विरुद्ध," सासरे म्हणाले. दोघेही एकाच वेळी बोलले होते.

"कथा चांगली आहे," जावयाने सुरुवात केली. "सगळे गेलेत, एकटा उरलाय, तरी काम सोडत नाही. फरशी पुसतोच आहे."

"कुणासाठी पुसतोय? मालक गेला, माणसं गेली. त्याने चंबूगबाळं आवरून निघायला हवं होतं."

"जाणार कुठे?"

"त्याचं तो बघेल. यंत्र आहे, जिथे ठेवाल तिथे राहील."

"पण वर दिवा जळतोय ना. म्हणजे कुणीतरी आहे."

"दिवा कुणीतरी बंद करायला विसरलंय," सासरे म्हणाले. "आणि एका भागात एक मजला! इतक्या सावकाश वर जाणारी लिफ्ट मी लावली असती तर मला पहिल्याच महिन्यात घरी बसवलं असतं. बरं, तो पंखा. निम्मं बोलणं ऐकूच येत नाही त्याचं."

"तीच तर गंमत आहे. निम्मं ऐकायचं, उरलेलं आपण समजून घ्यायचं."

"समजून घेणाऱ्या माणसांनी फार घोळ घातलेत जगात," सासरे म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "दातांचं काय?"

जावई सावध झाला. "कुठले दात?"

"त्याचे. तुमचं मत काय?"

"दात... भावनेच्या दृष्टीने आहेत ते."

"सगळे पटाशीचे आहेत."

"हो."

"वरचे खालच्यांवर बसत नाहीत."

"आलं माझ्या लक्षात."

"आणि हिरड्या..."

"कलाकाराला तेवढं स्वातंत्र्य असतं, बाबा!" जावई ओरडलाच. आयुष्यात इतकं खोटं तो पहिल्यांदाच बोलला होता आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्याने उलटा हल्ला चढवला. "लिफ्टबद्दल तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"ठीक होती लिफ्ट."

"ठीक?" नऊ वर्षांत पडद्यावरच्या एकाही लिफ्टला सासऱ्यांनी जिवंत सोडलं नव्हतं. दोर कापला की डबा ब्रेक न लागता खाली कोसळतो असं दाखवणाऱ्या एका दिग्दर्शकाला पत्र लिहायचं म्हणून ते दोन दिवस त्याचा पत्ता शोधत होते. "नुसती ठीक?"

"ठीक म्हटलं ना. मतदान घ्या."

मतदान झालं. बाजूने एक हात वर गेला, विरुद्ध एक हात वर गेला, आणि दोन्ही हात काही वेळ तसेच वर राहिले.

त्या घरात आजवर बरोबरी झाली नव्हती. होऊच शकत नव्हती, कारण मतं तीन होती. दोघांनी ते एकदमच मोजलं, आणि दोघांनाही ते मोजायला नको होतं. सासऱ्यांनी हात खाली घेतला आणि टेबलावरचा नसलेला कचरा झाडायला सुरुवात केली. घरात माणूस नाही हे रोजच कळतं, कपाट उघडताना कळतं, दुसरा कप काढून परत ठेवताना कळतं. पण निकालच लागू नये इतकं ते माणूस नाहीसं झालंय, हे आज कळलं.

"बरोबरी झाली तर काय करायचं, त्याचा नियम नाही केला तिने," जावई म्हणाला.

"गरज नव्हती."

"तिने बाजूने मत दिलं असतं."

"ते तुम्ही कसं ठरवता? विरुद्ध दिलं असतं. बोलणाऱ्या यंत्रांचा तिला राग होता."

"तो लिफ्टमधल्या बाईच्या आवाजाचा राग होता. पंखा आवडला असता तिला. आठवडाभर पंख्यासारखी बोलत फिरली असती घरात." आणि जावयाने, स्वतःला कळायच्या आत, मान डावीकडून उजवीकडे फिरवत म्हटलं, "चहा... कुणाला... हवाय?" यातलं 'कुणाला' तेवढं सासऱ्यांना ऐकू गेलं, बाकीचं भिंतीला.

सासरे हसले. थंडीपासून हे पहिलंच हसू. ते इतकं अनपेक्षित होतं की त्यांना ठसकाच लागला. "असंच," ते डोळे पुसत म्हणाले. "हुबेहूब असंच केलं असतं तिने. लहानपणी आमच्या शिलाई मशीनसारखी बोलायची. तिची आई वैतागायची."

"हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं तर तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"मी बोललो तर तुम्हाला होईल म्हणून मी गप्प." सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवला. "पण म्हणून तिने बाजूने मत दिलं असतं असं नाही हं. माणसाला एखादी गोष्ट आवडली तरी तो विरुद्ध मत देऊ शकतो."

"असं कोण करतं?" जावई म्हणाला.

सासरे पुन्हा टेबलावरचा नसलेला कचरा झाडू लागले.

"नाही, असं कोण करतं? आवडलेल्या गोष्टीविरुद्ध मत!" जावयाचा आवाज चढला. इतके दिवस कोंडलेलं काहीतरी दार शोधत होतं, त्याला हे सापडलं. "आणि न आवडलेल्या गोष्टीच्या बाजूने तरी माणसाने का बोलावं? मला ती मालिका मुळीच आवडलेली नाही! भिकार आहे ती! पत्र्याच्या माणसाला हिरड्या काढल्यात! सुळे नाहीत, दाढा नाहीत, तो चावणार कशाने आणि चावायचंय काय त्याला? तो वीज खातो!"

"मग बाजूने का बोललात?"

"सव्वीस भाग आहेत म्हणून."

बोलून बसल्यावर जावयाला वाटलं, आपण कपडे न घालता दारात उभे आहोत. त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही.

"मला आवडली," सासरे म्हणाले.

"काय?"

"मालिका. मला आवडली. त्या विहिरीत तो लोंबकळतो ना, तेव्हा पार वर टोकाला काउंटरवेट टांगलेलं दिसतं. पाहिलंत? लिफ्ट वर निघाली की दुसऱ्या टोकाचं वजन खाली येतं. तेवढ्यावर तर सगळा खेळ चालतो. जन्मभर मी बघतोय, सिनेमावाले नुसता डबा वर नेतात, वजन कुणी दाखवत नाही. यांनी दाखवलं. कुणीतरी विहिरीत उतरून बघितलंय हो." ते लेकराच्या कौतुकाने बोलत होते. "फार सुंदर काढलंय."

"मग तुम्ही विरुद्ध का?"

"सव्वीस भाग आहेत म्हणून."

"तुम्हाला कुठून कळलं?"

"सुरुवातीलाच इमारत दाखवली. मजले मोजले मी." सासऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. लेकीचे हातही असेच रुंद होते. "जावईबापू, तुम्ही काही म्हातारे नाही झालात. उद्या या घरात कुणी यायची झाली, तर तिला पहिल्यांदा काय दिसेल? पहिल्या बायकोचा बाप सोफ्यावर बसलेला. कोण येईल?"

"कुणी येत नाहीये."

"कशी येईल? मी बसलोय ना."

"मला कुणी यायला नकोय, बाबा."

"आज नकोय. मी अडसर म्हणून राहणार नाही तुमच्या दारात. तिला नसतं आवडलं."

"तिला काय आवडलं नसतं ते आपल्याला ठरवता येत नाही, आत्ताच सिद्ध झालं ते," जावई म्हणाला. मग त्याने श्वास घेतला. "मी दिवसभर मागच्या खोलीत बसतो. टेबलावर दहा-बारा तोंडं असतात, एकही बोलत नाही. संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा तुम्ही असता. काही बोलत नसलात तरी असता. तुम्ही गेलात तर मी त्या खोलीतून बाहेर येऊन करू काय? जाऊ नका."

ते दोन शब्द शेवटी निघाले. कुठल्या हक्काने निघाले ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं, आणि सासऱ्यांनीही ते विचारलं नाही. त्यांनी फक्त चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि तो होता त्याहून खराब करून परत लावला.

"मतदान परत घ्यावं लागेल," ते म्हणाले. "दोन्ही मतं खोटी पडलीत. तिने ती धरली नसती."

मतदान परत झालं. या वेळी बाजूने सासऱ्यांचा हात वर गेला आणि विरुद्ध जावयाचा.

"पुन्हा बरोबरी," सासरे म्हणाले.

"थांबा, मी बाजूने देतो."

"दातांसकट?"

जावयाने हात उचलला. तो कोपरापर्यंत वर आला आणि तिथेच अडकला. डोळ्यांसमोर त्या हिरड्या आल्या. बायको गेलेली, सासरे चाललेले, सगळं पणाला लागलेलं, आणि हाताला म्हणावं तर तो वर जाईना. "नाही," तो कळवळून म्हणाला. "दातांसकट नाही जमणार."

"मग घोडं तिथेच पेंड खातंय," सासरे म्हणाले. त्यांना यात वाईट वाटल्यासारखं दिसत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांची बहीण होती, गाडी किती वाजता पाठवू म्हणून विचारत होती. ती लांबून बोलत असली की जोरात बोलायची, त्यामुळे टेबलापर्यंत तिची कुरकुर ऐकू येत होती.

"भरलीये बॅग," सासरे म्हणाले. "नाही. गाडी पाठवू नकोस. तब्येत उत्तम आहे... अगं, जायचं कसं, इथला निकाल लागलेला नाही. मी बाजूने आहे, जावई विरुद्ध आहेत... कशाच्या म्हणजे? ते लांबण आहे, नंतर सांगतो. त्यांना पटवल्याशिवाय मला इथून हलता येत नाही." पलीकडून बराच वेळ बडबड झाली. सासऱ्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि जावयाकडे, चष्म्याच्या वरून, नीट निरखून बघितलं. "किती दिवस ते कसं सांगू? तू ओळखत नाहीस त्यांना. दातांच्या बाबतीत फार ताठ माणूस आहे. माझ्या हयातीत पटेल असं काही दिसत नाही."

त्यांनी फोन ठेवला.

"पुढच्या रविवारी दुसरा भाग," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत बघत राहायचं. मुद्दे तयार ठेवा."

जावयाने बाहीने डोळे पुसले आणि आपला विरोध कायम ठेवला.